गुडघ्यामागची गाठ

एखाद्या दिवशी गुडघ्याच्या मागच्या लवणीत हाताला फुगवटा लागतो. उभं राहिलं की तिथे ताण बसतो, मांडी घालायला गेलं की अडतं, जिना उतरून आलं की पोटरी भरून येते. दुखतं थोडंच, पण धास्ती मोठी असते. गाठ म्हटलं की आपल्या घरांत पहिला विचार कॅन्सरचा येतो आणि दुसरा ती कापून टाकण्याचा. बहुतेक वेळा दोन्ही विचार चुकतात. ही गाठ म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी असते. डॉक्टर तिला बेकर्स सिस्ट म्हणतात. मोठ्या माणसांत तिचं मूळ जवळजवळ नेहमीच गुडघ्याच्या आत सापडतं. दिसते मागे, पण आजार सांध्यात असतो. एवढं ध्यानात न आल्यामुळे कितीतरी माणसं महिनोन्‌महिने लेप, शेक आणि मालीश चुकीच्या जागी करत राहतात.

ज्यांचं नाव या गाठीला मिळालं ते विल्यम मॉरंट बेकर (१८३९–१८९६) लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज रुग्णालयात शल्यचिकित्सक होते. शरीरक्रियाशास्त्राच्या एका गाजलेल्या पाठ्यपुस्तकाच्या अनेक आवृत्त्याही त्यांनी संपादित केल्या होत्या. १८७७ साली त्यांनी आपल्या रुग्णालयाच्या अहवालग्रंथात आठ रुग्णांच्या हकिकती मांडल्या. गाठ पहिल्यांदा पाहणारे मात्र ते नव्हेत. डब्लिनच्या रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी १८४० सालीच संधिवाताच्या गुडघ्यामागे फुगणाऱ्या पिशवीचं वर्णन केलं होतं. नाडी मंदावून माणूस एकाएकी बेशुद्ध पडतो, त्या हृदयविकाराला ज्यांचं नाव आहे तेच हे अ‍ॅडम्स.

बेकर यांचं मोठेपण निरीक्षणापेक्षा त्यांनी काढलेल्या निष्कर्षात आहे. सांध्यात द्रव साचला की दाब वाढतो आणि जिथे अडवणूक कमी तिथून द्रव वाट काढतो, असं त्यांनी मांडलं. ही पिशवी सांध्यापासून दूर, खाली पोटरीतही दिसू शकते. ती दाबल्यावर द्रव सांध्यात परत गेल्याचं जाणवेलच असं नाही, आणि जाणवलं नाही तरी दोघांचा संबंध तुटलेला नसतो, हेही त्यांनी बजावलं. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून १८ वर्षं होती. हातात होती ती बोटं आणि तपासणीची शिस्त. त्या बळावर त्यांनी जे ओळखलं, ते आज सोनोग्राफीच्या पडद्यावर दोन मिनिटांत दिसतं. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

आता आत काय घडतं ते पाहू. निरोगी गुडघ्यात वंगणाचा द्रव असतो तो जेमतेम काही मिलिलिटर, चहाचा चमचाही भरणार नाही इतका. सांध्याच्या आतलं अस्तर तो पाझरवतं. हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिचं बरंचसं पोषण याच द्रवातून होतं. अस्तराला त्रास झाला की ते जास्त द्रव सोडू लागतं. मग तो त्रास झिजलेल्या कूर्चेचा असो, सांध्यातल्या फाटलेल्या गादीचा असो, आमवाताचा असो की गाऊटच्या स्फटिकांचा. ‘गुडघ्यात पाणी झालंय’ असं आपण म्हणतो ते हेच.

हे पाणी मागेच का जातं? गुडघ्याच्या मागे आतल्या बाजूला दोन बळकट गोष्टी एकमेकींना घासून जातात. एक, मांडीच्या मागच्या स्नायूची कंडरा आणि दुसरं, पोटरीच्या मोठ्या स्नायूचं आतलं डोकं. त्यांचं घर्षण होऊ नये म्हणून मध्ये एक चपटी पिशवी असते, तिला बर्सा म्हणतात. अनेक प्रौढांत या पिशवीचा सांध्याशी संबंध असतो, मागच्या आवरणातल्या एका बारीक फटीतून. वय वाढेल तसं ही फट सापडण्याचं प्रमाणही वाढतं. गुडघा वाकला की फट उघडते आणि सांध्यातला द्रव पिशवीत शिरतो. गुडघा सरळ केला की स्नायू ताणले जातात, फट मिटते आणि आत गेलेला द्रव आतच राहतो. सायकलच्या ट्यूबमधला व्हॉल्व्ह हवा आत घेतो आणि बाहेर येऊ देत नाही, तसंच हे काम आहे. पिशवीत अडकलेल्या द्रवातलं पाणी हळूहळू शोषलं जातं आणि उरतो तो दाट, चिकट ऐवज. तो परत फिरणं आणखी अवघड होतं, सुईने ओढून काढणंसुद्धा.

ही रचना कळली की एक साधी तपासणीही उमजते. पालथं झोपून पाय सरळ ठेवला तर गाठ घट्ट लागते आणि गुडघा अर्धवट, साधारण ४५ अंशांपर्यंत वाकवला की ती मऊ पडते किंवा दिसेनाशी होते. फ्रेंच शल्यविद फूशे यांनी १८५६ साली हे नोंदवलं आणि आजही डॉक्टर गाठ तपासताना ते करून पाहतात. वाकवूनही जी गाठ तितकीच कठीण राहते, तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहावं लागतं.

त्या वेगळ्या नजरेबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण इथे चूक महागात पडते.

लवणीतून पायाची मुख्य धमनी जाते. ती फुगली तरी बाहेरून गाठच दिसते, पण बोट ठेवल्यावर ती ठोक्याठोक्याला उसळते. हा फुगा बहुतेक करून साठी ओलांडलेल्या पुरुषांत, विशेषतः धूम्रपान करणाऱ्यांत आढळतो. एका पायात असला तर सुमारे निम्म्या रुग्णांत तो दुसऱ्या पायातही सापडतो. जॉन हंटर यांनी १७८५ साली लंडनमध्ये एका घोडागाडीवानाच्या याच विकारावर केलेली शस्त्रक्रिया वैद्यकाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्यांनी फुगा न उघडता वर मांडीतच धमनी बांधली आणि पाय वाचवला. अशा गाठीत ‘पाणी काढायला’ म्हणून कुणी सुई घातली तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून गुडघ्यामागच्या कोणत्याही गाठीत सुई जाण्याआधी सोनोग्राफी व्हायलाच हवी. क्वचित तिथे चरबीची साधी गाठ असते, त्याहून क्वचित मऊ ऊतींचा कर्करोग. जी गाठ भराभर वाढते, रात्री ठणकते, कठीण आहे आणि आतून भरीव दिसते, तिचा एमआरआय लांबवू नये.

सगळ्यांत जास्त गोंधळ होतो तो पिशवी फुटल्यावर. ताणलेली पिशवी कधी उकिडवं बसताना, कधी जिना चढताना फाटते. द्रव पोटरीच्या स्नायूंमध्ये उतरतो आणि तिथल्या ऊतींना चांगलाच चिडवतो. पोटरी काही तासांत सुजते, लाल होते, गरम लागते, पाऊल टाकवत नाही. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी हुबेहूब हेच घडतं. अनुभवी डॉक्टरही नुसत्या नजरेने दोन्हींत फरक सांगू शकत नाहीत आणि उपचार मात्र अगदी वेगळे असतात. शिरेतली गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो, म्हणून तिथे रक्त पातळ करणारी औषधं तातडीने लागतात. हीच औषधं फुटलेल्या पिशवीच्या रुग्णाला दिली तर पोटरीत रक्तस्राव होऊन आतला दाब इतका वाढू शकतो की स्नायूंचा रक्तपुरवठाच तुटतो. निकाल लावते ती डॉपलर सोनोग्राफी. शीर दाबली जाते का, तिच्यातून रक्त वाहतं का, हे तिच्यात दिसतं आणि स्नायूंमध्ये पसरलेला द्रवही. कधीकधी दोन्ही आजार एकाच पायात असतात. मोठी पिशवी शेजारच्या शिरेवर दाब देते, म्हणून एक सापडलं की दुसरं शोधायचं थांबवू नये.

पिशवी फुटल्यानंतर काही दिवसांनी कधीकधी आतल्या घोट्याखाली अर्धवर्तुळाकार काळानिळा डाग उमटतो. वरचा स्राव गुरुत्वाकर्षणाने खाली उतरल्याची ती खूण असते आणि निदानाला तिचा उपयोग होतो. पण ती दिसेपर्यंत वाट पाहत बसू नये. एकाच पायाची पोटरी एकाएकी सुजली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. लांबचा प्रवास, नुकतंच झालेलं ऑपरेशन, अंथरुणाला खिळणं, गरोदरपण, बाळंतपण किंवा कर्करोग यांपैकी काही असेल तर अधिकच घाई करा. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट मोठं रुग्णालय गाठा. आणि अशा पोटरीला तेल लावून चोळू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांचा हात मायेने पोटरीकडे जातो हे मला ठाऊक आहे. तरी ठामपणे सांगतो, निदान होईपर्यंत सुजलेल्या पोटरीला मालीश नको, मालीशवाल्याचं नको आणि आईचंही नको.

गाठ पाण्याचीच आहे हे ठरलं की पुढचा प्रश्न विचारायचा. पाणी का झालं? चाळिशी-पन्नाशीनंतर बहुतेकदा उत्तर झीज असं येतं, आणि तिच्यासोबत मेनिस्कस नावाच्या आतल्या गादीला मागच्या टोकाशी गेलेली चीर. यासाठी उभं राहून काढलेला साधा एक्स-रे पुष्कळ सांगून जातो. सकाळी सांधे तासभर आखडून राहत असतील, दोन्ही हातांची बोटंही सुजत असतील तर आमवाताच्या रक्ततपासण्या लागतात. चिकुनगुनियानंतर महिनोन्‌महिने सांधे धरून राहिलेले रुग्ण महाराष्ट्राने २००६ च्या साथीपासून पुष्कळ पाहिले आहेत, त्यामुळे तापाचा इतिहास डॉक्टरांना आवर्जून सांगावा. आपल्या देशात आणखी एक शक्यता मनात ठेवावीच लागते, ती क्षयरोगाची. एकच गुडघा आठवडेच्या आठवडे सुजलेला, मांडी बारीक होत चाललेली, संध्याकाळी कणकण, वजनात घट असं असेल तर सांध्यातला द्रव तपासणीला पाठवल्याशिवाय आत स्टेरॉइड जाऊ नये. क्षयाच्या सांध्यात ते आगीत तेल ठरतं.

उपचारांची सुरुवात सांध्यापासून होते. आमवात असेल तर त्याची औषधं सुरू झाली आणि दाह शमला की मागची गाठ पुष्कळदा आपोआप ओसरते. गाऊटमध्ये यूरिक आम्ल आटोक्यात आणावं लागतं. झीज असेल तर काम अधिक हळू आणि अधिक रुग्णाच्या हातात असतं. म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होतं.

मांडीच्या पुढच्या स्नायूचं उदाहरण घ्या. सांध्यात २०–३० मिलिलिटर पाणी साचलं तरी या स्नायूला, विशेषतः वाटीच्या आतल्या बाजूच्या भागाला, मिळणारा चेतासंदेश मंदावतो. माणूस प्रयत्न करतो, पण स्नायू पूर्ण आवळला जात नाही. स्नायू सैल पडला की चालताना सांध्यावर जास्त भार येतो, भार वाढला की अस्तर आणखी चिडतं आणि आणखी पाणी सोडतं. हे चक्र तोडायला व्यायामाइतकं उपयोगी दुसरं काही नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाच-सात सेकंद धरायची, सोडायची. पाठीवर झोपून सरळ पाय वीतभर उचलायचा. जमू लागलं की खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठायचं-बसायचं. जागेवरची सायकल चालते, पण सीट उंच ठेवून, म्हणजे गुडघा फार दुमडणार नाही. फिजिओथेरपिस्टकडून दोन-तीन वेळा नीट शिकून घेतलं तर घरी करायला अडचण येत नाही. फळ दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. चार दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडणाऱ्यांना हे आधीच सांगायला हवं.

वजनाचं गणितही डोळे उघडणारं आहे. जाड आणि गुडघे झिजलेल्या ज्येष्ठांवर अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की शरीराचं वजन १ किलो घटलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी घटतो. दिवसाची हजारो पावलं धरा आणि हिशेब करून पाहा. ५ किलो कमी करणं हे पुष्कळांना औषधापेक्षा अवघड वाटतं आणि ते अवघड आहेच, पण गुडघ्याला एवढा टिकाऊ आराम देणाऱ्या गोष्टी फार थोड्या आहेत.

दुखणं वाढलेल्या दिवसांत बर्फ कापडात गुंडाळून १५ मिनिटं लावावा, पाय उशीवर उंच ठेवावा. वेदनाशामक मलम गुडघ्यावर लावलेलं चालतं. पोटात घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या मात्र वयस्क, मधुमेही, रक्तदाबाच्या आणि किडनीच्या रुग्णांनी स्वतःहून घेऊ नयेत. औषधाच्या दुकानातून ‘गुडघ्याची गोळी’ म्हणून आणलेल्या पाकिटात नक्की काय आहे हे अनेकांना माहीतही नसतं. जमिनीवर मांडी घालणं, उकिडवं बसणं आणि भारतीय शौचालय काही काळ टाळावं. पूजेला, जेवणाला खुर्ची घेणं हा काही कमीपणा नाही. पायाला बांधायचा पट्टा थोडा आधार देतो, पण लवणीत रुतेल इतका घट्ट बांधला तर रक्त परतण्याची वाटच अडवतो.

पिशवी फार मोठी आणि त्रासदायक असेल तर सोनोग्राफीच्या मदतीने तिच्यातला द्रव काढून स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. द्रव दाट असल्याने सुई जाड लागते. आराम पडतो, काही आठवडे ते काही महिने. तोवर सांधा सुधारला तर गाठ परत येत नाही, सुधारला नाही तर ती पुन्हा भरते. अनेकदा इंजेक्शन पिशवीत न देता सांध्यातच देतात, कारण दाह तिथे असतो आणि फटीतून औषध मागेही पोहोचतं. मधुमेहींची साखर यानंतर काही दिवस चढी राहते, तेव्हा घरी तपासत राहावं.

आणि कापून काढणं? मागून चीर देऊन पिशवी काढण्याचा मार्ग फार वर्षं रूढ होता. १९७९ साली स्वीडनमधल्या दोघा संशोधकांनी असे रुग्ण नंतर तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक गाठी परत आलेल्या दिसल्या. बेकर यांचं म्हणणं मान्य केलं तर यात नवल नाही. पिशवी गेली, पण पाणी करणारा सांधा तसाच राहिला आणि फटही. आता शस्त्रक्रिया केलीच तर दुर्बिणीतून करतात. आतल्या गादीची दुरुस्ती करतात आणि ती फट रुंद करतात, म्हणजे द्रव दोन्ही दिशांना मोकळा वाहू लागतो. खेळताना गुडघा मुरगळून गादी फाटली आहे, गुडघा मध्येच अडकतो, वय कमी आहे, अशा रुग्णांना याचा चांगला लाभ होतो.

पण झिजलेल्या गुडघ्यात नुसती ‘दुर्बीण घालून साफसफाई’ करण्याबद्दल पुरावा स्पष्ट आहे. २००२ साली ह्यूस्टनमध्ये १८० रुग्णांवर झालेल्या चाचणीत काहींना खरी शस्त्रक्रिया, तर काहींना फक्त त्वचेवर छेद देण्यात आले. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या वेदनेत फरक नव्हता. २०१३ साली फिनलंडमध्ये झिजेमुळे गादी फाटलेल्या, ३५ ते ६५ वयाच्या १४६ रुग्णांवर अशीच चाचणी झाली. गादीचा फाटका भाग कापलेले आणि कापण्याचं नुसतं नाटक केलेले, दोघेही वर्षभराने सारखेच सुधारले होते. एमआरआयच्या अहवालात ‘टेअर’ हा शब्द वाचून पन्नाशीतली माणसं तारीख घेऊन मोकळी होतात. त्यांनी आधी तीन महिने व्यायाम नेमाने केला आहे का, हा प्रश्न त्यांना कुणीतरी विचारायला हवा.

लहान मुलांची गोष्ट निराळी. चार ते सात-आठ वर्षांच्या मुलाच्या गुडघ्यामागे अंघोळ घालताना आईला असाच फुगवटा दिसतो. मूल धावतं, उड्या मारतं, त्याला काही दुखत नाही. मुलांमध्ये ही पिशवी सहसा स्वतंत्र असते, सांध्यात आजार नसतो आणि फटही नसते. १९७५ साली इंग्लंडमध्ये १०० मुलांच्या गाठींचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. हात न लावलेल्या गाठींपैकी बहुतेक आपोआप गेल्या, कापलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के परत आल्या. त्या लेखाच्या शीर्षकातच शस्त्रक्रियेविरुद्धची भूमिका मांडलेली होती. एक सोनोग्राफी करून गाठ पाण्याचीच आहे याची खात्री करावी आणि थांबावं. गाठ जायला वर्ष-दोन वर्षंही लागतात. गाठ कठीण असेल, मूल लंगडत असेल किंवा त्याला ताप असेल तर मात्र थांबू नये.

उतारवयात गुडघा पूर्ण झिजून सांधारोपणाची वेळ आली, तर मागच्या गाठीचं काय, असं रुग्ण हमखास विचारतात. बहुतेक शल्यविद तिला हात लावत नाहीत. सांधा बदलल्यावर पाणी होण्याचं मुख्य कारण संपतं आणि पिशवी हळूहळू आक्रसते. काही रुग्णांत ती वर्षभरानंतरही सोनोग्राफीत दिसते, पण लहान आणि त्रास न देणारी. एरवीही दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या एमआरआयमध्ये अशी छोटी पिशवी वरचेवर सापडते आणि अहवालात तिची एक ओळ असते. दुखत नसेल, वाढत नसेल, पाय सुजत नसेल, तर त्या ओळीसाठी कोणताही उपचार लागत नाही. पोटरी एकाएकी फुगली, पायाला मुंग्या येऊ लागल्या किंवा पाऊल थंड पडलं, तर मात्र जुना अहवाल बाजूला ठेवून लगेच नव्याने तपासून घ्यावं.